गुरू, ॲप आणि बदलापूर लोकल

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शिकणं’ हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला भाषा आली. सोबत प्रश्नही आला: परकी भाषा ऑनलाइन वर्ग लावून येते, की आपली आपण? असा प्रश्न पडला की पुण्याला जायची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मन नाहीतर जपानी शिकलेला एखादा मावसभाऊ घरटी सापडतो. मी मात्र कल्याणच्या पुढे गेलो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सलग पट्ट्यात परकी भाषा शिकणारे पुष्कळ, पण नावाजलेली संस्था कायम लांब. मुंबईचं मॅक्सम्युलर भवन काळा घोड्याला, आणि बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. संध्याकाळचा वर्ग आटोपून घरी पोचायला अकरा वाजायचे, तेही गाड्या वेळेवर असतील तर. त्यामुळे इथल्या बहुतेकांची हौस डोंबिवलीच्या अलीकडेच विझायची. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग स्क्रीनवर आले आणि हे अंतर अचानक उरलं नाही. निवड करायची वेळ या पट्ट्यावर आली ती तेव्हापासून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘ऑनलाइन कोर्स’ या नावाखाली इथे निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: आधी चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ, खेळासारखं चालणारं ॲप, आणि ठरलेल्या वेळी समोर येऊन शिकवणारा जिवंत माणूस. जाहिरातीत तिन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या दोन्हींत शिकणारा एकटाच असतो, पैसे भरलेले असोत वा नसोत. माझ्या लेखी मार्गदर्शन म्हणजे फक्त तिसरं.

डब्यातला अभ्यास

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली ९८ हजारांच्या आत होती. २०११च्या जनगणनेत ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण सकाळी फलाटावर उभं राहिलं की हिशेब लागतो. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेल्या माणसाचे दिवसाचे तीन तास गाडीत जातात. भाषा शिकणाऱ्याचा अभ्यासही तिथेच होतो.

ठाण्याच्या एका खासगी रुग्णालयात काम करणारी परिचारिका मला अशीच भेटली. तिशीच्या आतली, बदलापूर पूर्वेला राहणारी, जर्मनीला जायची तयारी करणारी. तिचा अभ्यास ‘निकोस वेग’ या मालिकेपासून सुरू झाला. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेनं ती फुकट उपलब्ध केली आहे. निको नावाचा तरुण जर्मनीत उतरतो, त्याची बॅग हरवते, आणि ती शोधता शोधता तो आणि आपण भाषा शिकतो. बसायला मिळालं की वही निघायची. उभं राहावं लागलं की नुसतं ऐकायचं. शब्दांसाठी तिनं अंकी हे फुकट ॲप घेतलं. जो शब्द विसरला तो उद्या पुन्हा पुढ्यात येतो, जो आठवला तो आठवड्यानं, मग महिन्यानं. माणूस किती वेगानं विसरतो याचं मोजमाप हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. अंकीचं गणित त्याच विसरण्यावर बेतलेलं आहे.

“ए१ घरच्या घरी झालं, सर. गाडीतच झालं म्हणा ना,” ती म्हणाली. “ए२ पण निम्मं झालं. मग अडले. मला कळत होतं सगळं. पण मी बोलले ते बरोबर की चूक, हे सांगणार कोण?”

हे ए१, ए२ म्हणजे युरोपनं ठरवलेल्या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन. परदेशातून आलेल्या परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारणपणे चौथी पायरी, बी२, गाठावी लागते. त्या पायरीवरच्या गोएथे परीक्षेचे चार भाग आहेत: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरापैकी साठ गुण पडलेच पाहिजेत. एकात नव्वद आणि दुसऱ्यात चाळीस असा हिशेब चालत नाही. वाचन आणि श्रवण डब्यात होतं. संभाषणात मात्र समोरच्याशी वाद घालून आपलं म्हणणं पटवावं लागतं, आणि लेखन कुणीतरी तपासल्याशिवाय सुधारत नाही. ती अडली ती नेमकी इथे. पुढे तिनं रात्रीचा वर्ग लावला.

अशा तरुणांची संख्या वाढायला एक सरकारी कारणही आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांची भाषा झाली. त्यानंतर स्टेशनबाहेरच्या फलकांवर स्पोकन इंग्लिशच्या शेजारी जर्मन येऊन बसली.

रात्री नऊचा वर्ग

अंबरनाथ पूर्वेच्या एका शिक्षिकेनं मला तिच्या वर्गात गुपचूप बसू दिलं. पडद्यावर पंधरा चौकोन, त्यांतले चेहरे तीन. बाकीच्यांचे कॅमेरे बंद. कुणाच्या घरात मालिका लागलेली, कुणी अजून गाडीत, कुणी स्वयंपाकघरात उभं. बाई प्रत्येकाला नावानं हाक मारतात. हाक आली की माईक सुरू होण्याआधीची ती दोन सेकंदांची शांतता शिकवण्याचा अर्धा भाग असावी, असं मला वाटलं. ॲपसमोर माणूस कधी घाबरत नाही. इथे घाबरतो, म्हणून आदल्या दिवशी पान उघडतो.

धडा होता ‘कारण’ या अर्थाच्या जोडवाक्याचा. जर्मनमध्ये अशा वाक्यात क्रियापद उचलून अगदी शेवटी ठेवतात. इंग्रजीतून समजावणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा नियम फार जपून, जणू काही अवघड जागचं दुखणं असावं तसा सांगतात. बाईंनी तो एका वाक्यात संपवला: “मराठीत मनात म्हण आणि क्रियापद तिथेच राहू दे.” लिंगांचंही तसंच. जर्मनमध्ये तीन लिंगं, मराठीतही तीन. लहान मुलीसाठीचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, याचं ‘ते मूल’ म्हणणाऱ्याला नवल वाटत नाही. हिंदीतून शिकणाऱ्याला वाटतं, कारण त्याच्या भाषेत दोनच लिंगं. जागतिक ॲप शिकणाऱ्याला इंग्रजीतून जर्मनकडे नेतं. आपल्याच गावातली शिक्षिका मराठीतून थेट नेते. वर्गाचा हा फायदा कुठल्या जाहिरातीत वाचायला मिळाला नाही.

वर्गाचा खरा ऐवज मात्र वर्गाबाहेर आहे. गृहपाठ वहीत लिहायचा, फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचा, रविवार सकाळच्या आत. बाई फोनवरच बोटानं लाल खुणा करून तो परत पाठवतात. सगळ्यांच्या चुका सगळ्यांना दिसतात. काहींना हे अपमानाचं वाटतं आणि ते सोडून जातात. ए१ला भरलेला वर्ग ए२ला निम्मा दिसतो, असं बाई म्हणाल्या, आणि त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “फी परत मागत नाहीत हो. नुसते यायचे थांबतात.”

व्याकरण समजावून सांगणं आता फुकट झालं आहे, तेही उत्तम समजावणं. मग बाई फी कशाची घेतात? तारखेची आणि लाल शाईची. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या संयुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. २०१७-१८मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचले सुमारे तीन टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरल्यानं अक्कल वाढत नाही. ज्याला खरंच पुरं करायचं असतं तोच पैसे भरतो, हेही या फरकामागे आहेच. पण भरलेली फी रात्री नऊ वाजता माणसाला पडद्यासमोर बसवते, हे मी त्या वर्गात पाहिलं.

तोंडी नसलेली परीक्षा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत सीएनसी यंत्रावर काम करणारा एक पदविकाधारक दुसऱ्या टोकाचा निघाला. त्याला जपानला जायचंय. एप्रिल २०१९पासून जपाननं कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते आहे. पाळ्या बदलत्या असल्यामुळे ठरावीक वेळेचा वर्ग त्याला जमत नाही. तो जपान फाउंडेशनच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावर शिकला. आपल्या विषयासाठी हे ठिकाण फार सोयीचं आहे. तिथे स्वतः शिकायचे अभ्यासक्रम आहेत आणि शिक्षकाची जोड असलेलेही आहेत. म्हणजे जपान सरकारच्या संस्थेनंच हे दोन रस्ते शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. यानं एकट्याचा घेतला, कारण तो फुकट होता.

जपानी मराठी माणसाला दिसते तितकी परकी नाही. नामाला मागून चिकटणारे प्रत्ययासारखे शब्द, क्रियापद शेवटी, आणि समोरचा कोण यावरून बदलणारी अदब, हे सगळं आपल्या ओळखीचं. अवघड आहे ती लिपी, आणि लिपी एकट्यानंच घोटावी लागते. तिथे गुरूचा फारसा उपयोग नाही. यानं रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कांजी गिरवल्या आणि जेएलपीटी ही परीक्षा एन४पर्यंत दिली. ती भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या आहेत, आणि सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. बोलायचं नाही, लिहायचं नाही.

तो उत्तीर्ण झाला. मग नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, जपानला का यायचंय? “प्रश्न अक्षरन् अक्षर कळला. उत्तर मराठीत तयार होतं, हिंदीत तयार होतं. जपानीत तोंडच उघडेना.”

हे त्याचं एकट्याचं दुखणं नाही. कॅनडातल्या मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ साली याच कोड्यावर लिहिलं. तिथली इंग्रजीभाषक मुलं वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. ऐकून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलण्यालिहिण्यात मागे राहिली. स्वेन यांचं म्हणणं असं की नुसतं कानावर पडणं पुरत नाही. वाक्य स्वतः जुळवताना माणूस अडतो, आणि अडल्यावरच आपल्याला काय येत नाही ते त्याला कळतं. एकट्यानं शिकणाऱ्याला अडवणारं कुणी नसतं.

त्या तरुणानं अजूनही पूर्ण कोर्स लावलेला नाही. तासाच्या हिशेबानं पैसे घेणारी एक शिक्षिका त्यानं धरली आहे. ती त्याला काहीही शिकवत नाही, फक्त गप्पा मारते आणि चुकलं की थांबवते. बाकी अभ्यास त्याचा तोच करतो. मला हा सौदा सगळ्यांत शहाणपणाचा वाटला.

गल्ल्यावरची सिंधी

उल्हासनगरला आल्यावर कोर्स विरुद्ध स्वाध्याय हा वादच थोडा पोरकट वाटायला लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. छावणी गेली तरी पत्त्यात ‘कॅम्प’ राहिला, एक ते पाच. २०११मध्ये इथे पाच लाखांवर लोक होते. सिंधी, मराठी, हिंदी, आणि तिन्हींची मिसळ असलेली बाजाराची बोली, सगळं एकाच गल्ल्यावर चालतं.

कापडाच्या एका दुकानात मुरबाडकडून आलेला पन्नाशीचा मराठी नोकर आहे. शाळा सातवीपर्यंत. शेठशी तो अस्खलित सिंधी बोलतो. गिऱ्हाइकातल्या म्हाताऱ्या बायकांशी तर शेठपेक्षा चांगली, असं शेठच म्हणाले. कसं शिकलात, विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. “शिकायचं काय त्यात? रोज ऐकतोय. चुकलो की हसायचे. हसू आलं की बदलायचं.” सिंधीचं एक अक्षर त्याला वाचता येत नाही.

त्याच दुकानात शेठचा नातू बसतो. इंग्रजी माध्यम, पुढे अभियांत्रिकी. त्याला सिंधी कळते, पण उत्तर तो हिंदीत देतो. हल्ली त्यानं फोनवर सिंधी शिकायला घेतली आहे, आणि त्याच्या अडचणी जर्मन शिकणाऱ्यांहून वेगळ्या आहेत. पहिली लिपीची. आजोबांची पत्रं अरबी वळणाच्या लिपीत आहेत. बावन्न अक्षरांची ही लिपी ब्रिटिशांनी १८५३मध्ये प्रमाण ठरवली. भारतात देवनागरीतही सिंधी लिहितात आणि नातवाला तेवढीच वाचता येते. गुगल ट्रान्सलेटमध्ये २०१६पासून सिंधी आहे, पण ती उमटते अरबी लिपीत. म्हणजे यंत्रानं दिलेलं उत्तर आजोबांना वाचता येतं, ज्यानं विचारलं त्याला नाही!

दुसरी अडचण उच्चाराची. सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत की ती म्हणताना श्वास बाहेर न सोडता किंचित आत ओढायचा. देवनागरीत ती अक्षराखाली रेघ देऊन लिहितात. वडिलांच्या आईला ॾाॾी म्हणतात, त्यातले दोन्ही ‘ड’ या जातीचे. नातू साधा ‘ड’ म्हणतो. आजी त्याला थांबवतात, स्वतः म्हणून दाखवतात, त्याची हनुवटी धरून पुन्हा म्हणायला लावतात. सातव्या-आठव्या वेळी कुठे जमतं. हनुवटी धरणारं ॲप अजून आलेलं नाही.

आठव्या परिशिष्टात सिंधीचा समावेश १० एप्रिल १९६७ला झाला, पण तिला स्वतःचं राज्य नाही. राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद ही केंद्र सरकारची संस्था सिंधी शिकवणारे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम चालवते. ते चांगलंच आहे. पण ज्या घरात आजी आहे त्या घरानं आधी तिला विचारावं.

उलट बाजूला मराठी. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, त्यामुळे नातवाच्या धाकट्या बहिणीला ती शाळेत आहे. पण मोठेपणी इथे आलेल्या अमराठी माणसाला शिकवायची पाठ्यपुस्तकं आपल्याकडे कुठून आली, तर मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागातून. प्रा. विभा सुराणा यांच्या पुढाकारानं तिथे ‘मायमराठी’ हा उपक्रम उभा राहिला, परकी भाषा शिकवायच्या युरोपीय पद्धतीवर. मराठी परक्याला कशी शिकवावी, हे आपल्याला जर्मन शिकवणाऱ्यांनी दाखवावं, याची थोडी लाज मराठीच्या विभागांना वाटायला हरकत नाही.

तुरुंगातले स्वाध्यायी

आपली आपण भाषा शिकण्याची हौस महाराष्ट्रात ॲपच्या फार आधीची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं उलटसुलट घोकत कित्येक पिढ्या इंग्रजीला भिडल्या. पुढे कपिल देवची जाहिरात असलेलं रॅपिडेक्स आलं. आणि सगळ्यांत निवांत स्वाध्याय इंग्रजांच्या तुरुंगात झाला.

टिळकांनी मंडालेत जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. त्यांना ग्रंथ वाचायचे होते. स्टेशनवर तिकीट मागायचं नव्हतं, म्हणून पुस्तक आणि कोश पुरले. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळकडे वळले आणि तिरुक्कुरळ मराठीत आणण्यापर्यंत गेले. विनोबा वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. या दोघांची उदाहरणं ‘इच्छा असली की गुरू लागत नाही’ असं सांगायला वापरतात. पण त्या तुरुंगांत त्या त्या भाषा बोलणारे माणसांचे थवे सोबत होते, हे सांगायचं राहून जातं. त्यांना वर्ग नव्हता. कान उघडे ठेवले की उच्चार मिळेल आणि विचारलं की उत्तर मिळेल, एवढी सोय मात्र होती. अंबरनाथच्या खोलीत बसलेल्या मुलाकडे नेमकी तीच नाही.

फी कुठे भरावी

तेव्हा माझं मत असं. भाषा फक्त वाचायची असेल तर कोर्सला पैसे घालू नका. टिळकांना लागला नाही, तुम्हालाही लागणार नाही. परदेशी जायचं असेल तर पहिली पायरी गाडीतच चढा, फुकट. लिपी, शेपाचशे शब्द, रोजची वाक्यं एकट्यानं होतात, आणि आपल्याला ही भाषा खरंच हवी आहे का तेही कळतं. दुसऱ्या पायरीपासून माणूस धरा. मग तो वर्ग असो, तासावर बोलणारी शिक्षिका असो, नाहीतर घरातली आजी. चित्रित व्हिडिओंच्या ‘लाइफटाइम ॲक्सेस’ला मात्र हजारो रुपये देऊ नका. त्याहून चांगलं फुकट आहे.

आणि वर्गाची फी भरण्याआधी एकच विचारा: एका वर्गात किती जण असतात? दीड तासाचा वर्ग, वीस विद्यार्थी, आणि निम्मा वेळ बाई बोलणार, असं असेल तर तुमच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. आठ जणांच्या वर्गात साडेपाच. जो क्लास हा आकडा सांगायला टाळाटाळ करील, त्याला पैसे भरू नका.